संस्थेवर लिहिताना

पुण्यात समलैंगिकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट स्थापन केला तो बिंदुमाधव खिरे यांनी, २००२ मध्ये. समलैंगिकतेवरची ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ ही मराठी पुस्तकंही त्यांचीच. संस्थापक आणि लेखक एकच! त्यात गैर काही नाही. पण अशा कोणत्याही संस्थेचं पत्रक जसंच्या तसं छापलं तर ती बातमी नव्हे, जाहिरात. विश्वस्तांची नावं, लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तपासा.

उलट, ‘दुसरी बाजू’ म्हणून समलैंगिकतेला गुन्हा ठरवणारं वाक्य घालणं म्हणजे समतोल नाही. प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले. पण कायदा बदलला तरी नेवाशासारख्या लहान गावात आडनावावरूनही घर ओळखू येतं. म्हणून संमतीशिवाय कुणाचं नाव छापू नका.