पिळाच्या जोरावर उभा ट्रक

अमेरिकेतल्या एखाद्या घरापुढे उभ्या असलेल्या शेव्हरोले सिल्व्हराडो एचडी या पिकअप ट्रकच्या खाली सरकून पाहिलं, तर पुढच्या चाकांपाशी जे हमखास दिसायला हवं तेच दिसत नाही: स्प्रिंग. ना गुंडाळी, ना पाटे. डिझेल इंजिनाचं धूड पुढच्या दोन चाकांवर बसलेलं आणि ते पेलणारं काही नजरेला पडत नाही. नीट पाहिलं की चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मपासून मागे केबिनच्या पोटाखाली गेलेली एक सरळ, साधी पोलादी सळई दिसते. दोन्ही बाजूंना अशी एकेक. पुढचा सगळा भार या दोन सळयांवर आहे. हे टॉर्शन बार.

चाक उंचवट्यावर चढलं की खालचा आर्म बिजागरीसारखा वर फिरतो. बारचं पुढचं टोक त्या आर्ममध्ये घट्ट बसवलेलं असल्यामुळे तेही फिरतं. मागचं टोक मात्र चॅसीच्या आडव्या पट्टीत अडकवलेलं. एक टोक फिरतं, दुसरं जागचं हलत नाही, त्यामुळे मधल्या पोलादाला पीळ बसतो. तो पीळ उलगडू पाहणारं पोलादच चाकाला पुन्हा खाली रेटतं. गुंडाळी स्प्रिंगच्या पोटातही हेच चालतं. ती दाबली जाते तेव्हा तिची तार मुख्यतः पिळली जाते. म्हणजे गुंडाळी स्प्रिंग हा वेटोळी घातलेला टॉर्शन बारच. इथे वेटोळी उलगडून सळई सरळ ठेवली आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकाला इंजिनाचा जोर पोचवणारा दांडा नेमका गुंडाळीच्या जागेतून जातो. सळई मागे नेली की ती जागा मोकळी. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 1988 च्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपना ही रचना दिली, आणि जड एचडी ट्रकांत ती पुढेही टिकली.

थोडा हिशोब करून पाहू. समजा, बार 28 मिलिमीटर जाड आणि 1.2 मीटर लांब आहे, आर्म 40 सेंटिमीटरचा आहे आणि एका बाजूला 600 किलोचा भार आहे. अशा वेळी बार सुमारे 34 अंश पिळला जातो. काटकोनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! ट्रक रात्रभर नुसता दारात उभा असतो तेव्हाही ते पोलाद इतकं पिळलेलं असतं. सकाळी भार काढून घेतला तर पुन्हा सरळ, जणू काही झालंच नाही.

हा हिशोब ज्या नियमावर चालतो तो शार्ल-ऑगस्टां द कूलोम या फ्रेंच अभियंत्याने 1784 साली मांडला. तारेला वजन टांगायचं, पीळ देऊन सोडायचं आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजायचं, असे त्याचे प्रयोग होते. त्यातून कळलं की तार जितकी लांब तितकी ती सहज पिळली जाते, आणि पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. हा चौथा घात मला आजही थक्क करतो. बार दुप्पट जाड केला तर तो सोळा पट ताठ होतो. आपल्या 28 मिलिमीटरच्या बारमध्ये फक्त एक मिलिमीटरची भर घातली तरी ताठरपणा 15 टक्क्यांनी वाढतो. पिळाच्या याच गुणावर विसंबून हेन्री कॅव्हेंडिशने 1798 साली पृथ्वीची घनता काढली. बारीक तारेवर टांगलेल्या दांडीच्या दोन टोकांना शिशाचे लहान गोळे, त्यांच्याजवळ प्रत्येकी सुमारे 158 किलोचे मोठे गोळे, आणि त्यांच्या ओढीने तारेला पडलेला जेमतेम पीळ. त्याचं उत्तर होतं पाण्याच्या 5.448 पट, आजचा आकडा 5.51 च्या आसपास आहे. पृथ्वी तोलणारा पीळ आणि ट्रक तोलणारा पीळ एकाच नियमाने चालतात.

आता उंचीकडे येऊ. रिकामा अमेरिकन पिकअप नाक खाली करून उभा असतो, कारण मागे माल भरला की मागची बाजू दबून गाडी समतल यावी अशी योजना असते. अनेक मालकांना रिकामी गाडीही समतल हवी असते. काहींचा ट्रक जुना होऊन पुढून बसलेला असतो. दोघांचाही हात एकाच बोल्टकडे जातो.

बारच्या मागच्या टोकावर एक आखूड, जाड तरफ बसवलेली असते. तिकडचे मेकॅनिक तिला चावी म्हणतात. तिच्या टोकाला तो बोल्ट टेकतो. बोल्ट आवळला की चावी फिरते, तिच्याबरोबर बार फिरतो, पुढे आर्म खाली रेटला जातो आणि ट्रकचं नाक वर येतं. चावी 10 सेंटिमीटरची धरली, तर बोल्ट 6 मिलिमीटर सरकल्यावर नाक सुमारे 25 मिलिमीटर उचललं जातं.

बोल्ट आवळला म्हणजे बारला जास्त पीळ दिला, स्प्रिंग कडक केली, असं सर्रास मानलं जातं. तसं होत नाही, आणि या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. बारमध्ये पीळ किती असावा हे बोल्ट ठरवत नाही, ट्रकचं वजन ठरवतं. 600 किलो पेलायला 34 अंश लागतात, बोल्ट आवळण्याआधीही आणि नंतरही. मागचं टोक साडेतीन अंश फिरवलं की पुढचं टोकही तेवढंच फिरून जातं. पीळ होता तेवढाच राहतो, ट्रक मात्र वर चढतो. ताठरपणा जाडी, लांबी आणि धातू यांच्या हाती असतो, आणि बोल्ट यांतल्या कशालाच हात लावत नाही. मग जास्त उंच केलेला ट्रक का आदळतो? कारण चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक खाली जायला हवं, पण आर्म आधीच आपल्या रबरी अडसराला टेकायच्या बेतात असतो.

घरी काम करायचं तर निम्मं कसब मोजण्यात आहे. जमीन सपाट, टायरमध्ये हवा नेमकी. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजायची. त्याआधी बंपर हाताने सुमारे 38 मिलिमीटर उचलून सोडायचा, असं तीनदा करून मोजायचं. मग तेवढाच दाबून सोडायचा, तीनदा, आणि पुन्हा मोजायचं. सांध्यांतल्या घर्षणामुळे दोन मापं वेगळी येतात. खरी उंची त्यांची सरासरी. मग मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, पुढचा भाग जॅकने उचलून चॅसी भक्कम स्टँडवर ठेवायची आणि चाकं लोंबू द्यायची. भार असताना बोल्ट फिरवला तर आटे खरवडतात, ग्रीस लावावंच. बोल्टवर खडूची खूण करून दोन्ही बाजूंचे फेरे मोजायचे. गाडी खाली घेतल्यावर थोडी मागेपुढे चालवायची, नाहीतर टायर जमिनीला धरून ठेवतात आणि माप खोटं येतं. एक कोपरा उचलला की त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यावरही भार वाढतो, म्हणून एका बाजूचं माप जुळेपर्यंत दुसरीचं हललेलं असतं. घाई केली तर हे काम बिघडतंच.

चावी बाहेर काढायच्या भानगडीत मात्र योग्य अवजाराशिवाय पडू नये. आपल्या उदाहरणातल्या बारमध्ये जवळजवळ 700 ज्यूल ऊर्जा साठलेली आहे. 70 किलोचा माणूस एक मीटर उचलायला लागते तेवढी. चाक लोंबतं ठेवल्यावर ती कमी होते, संपत नाही.

डावा बार उजवीकडे चालत नाही, हेही विलक्षण आहे. कारखान्यात बार त्याच्या कामाच्या दिशेने मुद्दाम मर्यादेपलीकडे पिळतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा त्यातला थोडा पीळ धातूत कायमचा राहतो आणि पुढे त्याच दिशेचा भार सोसायला मदत करतो. उलट दिशेला तोच बार कमजोर ठरतो.

उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावंच, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटही वर जातात. ते खाली केले नाहीत तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडतो.

1998 साली बाजारात आलेल्या, पुण्यात बनणाऱ्या टाटा सफारीलाही पुढे असेच टॉर्शन बार होते. ती जुनी सफारी अजून राखून असलेल्यांनी एकदा टॉर्च घेऊन तिच्याखाली जरूर पाहावं. पण बोल्टला पाना लावण्याआधी दोन्ही बाजूंची उंची वहीत लिहून ठेवावी.