ड्रोनचा दाखला काढायचा? पैसे भरण्याआधी एवढे पाहा



पोळ्याच्या आठवड्यात बोधडीकडच्या एका गावात बोंडअळीवरची सभा आटोपून मी निघालो होतो. एक मावशी मागून आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, पोरगं धावी झालंय. ड्रोनचं लायसन काढतो म्हणतंय. एक माणूस आलता. पन्नास हजार भरा म्हणला, कुठं जायाची गरज नाही, कागद घरी येतो. बैलजोडी इकून भरू का?"

मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. त्यांना जे समजावले तेच आज आपणा सर्वांना सांगतो, कारण किनवट-माहूर भागात हा प्रश्न आता घरोघर निघू लागला आहे.

प्रथम हे यंत्र हवेच कशाला, ते पाहू. 2017 साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कापसात पाठीवर पंप घेऊन शिरले की औषधाचा फवारा अंगावर येतोच. ड्रोन चालवणारा बांधावर उभा राहतो. हा त्याचा मोठा फायदा आहे. मात्र चालवणारा जाणता हवा.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम लागू झाले. फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने 'लायसन' हा प्रकार गेला. आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेली प्रशिक्षण संस्थाच शिकवते, परीक्षा घेते आणि दूरस्थ वैमानिकाचा दाखला देते. हा दाखला दहा वर्षे चालतो. उमेदवाराचे वय 18 ते 65 असावे आणि तो दहावी पास असावा. पूर्वी पासपोर्ट लागत असे. सप्टेंबर 2023 पासून मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना यांसारखा सरकारी पुरावा चालतो. तेव्हा "पासपोर्ट काढून देतो, वेगळे पैसे द्या" असे कोणी म्हटले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

वर्ग न करता दाखला मिळत नाही, ही गाठ पदराला बांधून ठेवा. पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. संस्थेचे नाव महासंचालनालयाच्या मान्य यादीत आहे काय? आणि दाखला कोणत्या वर्गाचा मिळणार? वजनावरून ड्रोनचे वर्ग पाडले आहेत. दोन किलोपर्यंतचा 'सूक्ष्म', त्यापुढे 25 किलोपर्यंतचा 'लहान'. आपले दहा लिटर टाकीचे फवारणी ड्रोन बहुधा या लहान वर्गात येतात. सूक्ष्म वर्गाचा दाखला घेऊन आलात, तर फवारणीला त्याचा उपयोग नाही.

अभ्यास कसा करावा

परीक्षेचे दोन भाग असतात: लेखी आणि प्रत्यक्ष उडवणे. लेखी भागात नियम, हवामान, उड्डाणाची तत्त्वे, यंत्राची व बॅटरीची निगा आणि आणीबाणीत काय करावे, एवढे विषय येतात. इंग्रजी शब्दांना भिऊ नका. मुख्य शब्द चारच आहेत. थ्रॉटल म्हणजे वर-खाली, पिच म्हणजे पुढे-मागे, रोल म्हणजे डावी-उजवीकडे सरकणे आणि यॉ म्हणजे जागच्या जागी तोंड फिरवणे. ड्रोनचे तोंड आपल्याकडे असले की डावे-उजवे उलटे होते. नवशिक्याची चूक येथेच होते. म्हणून संगणकावरच्या सरावाचे तास चुकवू नयेत.

नकाशाचे रंग पाठ करावेत. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटर, उडवता येते. पिवळ्या आणि लाल क्षेत्रात परवानगी लागते. विमानतळाजवळ मर्यादा आणखी कमी होते, हे नांदेडजवळच्या गावांनी ध्यानात ठेवावे. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नये.

बॅटरी ही ड्रोनची बैलजोडी समजा. पूर्ण भरलेल्या एका सेलचा दाब 4.2 व्होल्ट असतो. ती भरून आठवडाभर ठेवू नये आणि पार रिकामीही करू नये. ठेवणीला सेलमागे सुमारे 3.8 व्होल्ट बरे. फुगलेली बॅटरी पुन्हा कधी जोडू नये, ती पेट घेते.

दाखल्यापुढचे शहाणपण

पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, ड्रोनला सुमारे दहा लिटर पुरते. म्हणजे औषधाचे द्रावण कितीतरी पट दाट असते. वारा सुटला तर ते शेजाऱ्याच्या शेतात, विहिरीत, ओढ्यात किंवा चरणाऱ्या जनावरांवर जाते. म्हणून वारा शांत असताना, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे, आणि ड्रोनसाठी मान्यता असलेलेच औषध वापरावे. विजेच्या तारा आणि बांधावरची सागाची झाडे आधी चालून पाहावीत.

आता पैशाचा हिशोब. दाखला मिळाला म्हणजे ड्रोन मिळाला असे नव्हे. यंत्राची किंमत लाखांत असते आणि फवारणीचा हंगाम काही महिन्यांचाच. एकट्याने कर्ज काढण्यापेक्षा शेतकरी कंपनीने किंवा बचत गटाने यंत्र घ्यावे आणि आपल्या मुलाने ते चालवावे, हे मला बरे वाटते. केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. त्यात 15,000 महिला बचत गटांना किमतीच्या 80 टक्के, कमाल आठ लाख रुपये साहाय्य ठरले. निवडलेल्या महिलेला 15 दिवसांचे प्रशिक्षण आहे: पाच दिवस उड्डाणाचे, दहा दिवस शेतीकामाचे. तेव्हा ही विद्या मुलाचीच आहे असे समजू नका. घरातली दहावी झालेली सूनही हे काम करू शकते. चालू हंगामात कोणते अनुदान मिळते, ते तालुका कृषी कार्यालयात किंवा पोखर्णी अथवा सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

त्या मावशींचे पुढे काय झाले? आठ दिवसांनी मुलगा स्वतः कचेरीत आला. आम्ही मान्य यादी उघडली. त्या माणसाने सांगितलेल्या संस्थेचे नाव यादीत नव्हते. मुलाने आता गावातल्या बचत गटाकडे विषय काढला आहे, आणि वही करून चार शब्दांपासून अभ्यास सुरू केला आहे. पोळ्याला बैल दावणीलाच होते. घाईने भरलेला पैसा परत येत नाही. आठ दिवसांची चौकशी मात्र फुकट असते, एवढे सर्वांनी ध्यानी ठेवावे.