स्कर्टिंग बदलायचं? गिलाव्याआधी ठरवा

सोलापुरात पुष्कळ घरं टप्प्याटप्प्यानं पुरी होतात. स्लॅब पडतो, फरशी बसते, माणसं राहायला जातात आणि आतल्या खोलीचा गिलावा पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो. १९९२च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या वस्त्यांमध्ये विटा उघड्या असलेल्या अशा खोल्या आजही दिसतात. फरशीच्या कडेनं मात्र चार इंचांची स्कर्टिंगची पट्टी मारलेली असते. ती सुटली, फुटली की घरात ठरतं, ‘आधी स्कर्टिंग बदलून घेऊ, गिलाव्याचं नंतर बघू.’

हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात महागात पडणारा. विटांच्या भिंतीवरचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. पट्टी आधी बसवली तर तिची पातळी अंदाजानं धरावी लागते. मग गिलावा आला की पट्टी एकतर पुढे येते आणि तिच्या वरच्या काठावर कायमची धूळ साचते, नाहीतर आत दबते. म्हणून ओळंबा लावून गिलाव्याची पातळी आधी काढावी, तळाची चार इंच जागा मोकळी सोडून गिलावा करावा आणि पट्टी त्याच पातळीत बसवावी.

‘उघड्या विटेवर स्कर्टिंग धरत नाही’ असंही अनेक जण सांगतात. खरं तर रंगवलेल्या गुळगुळीत गिलाव्यापेक्षा विटेचा खडबडीत पृष्ठभाग मसाल्याला चांगला धरतो. पण वीट कोरडी राहता कामा नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तापलेली वीट मसाल्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकते, सिमेंट अर्धवट राहतं आणि काही महिन्यांत पट्टी मागून पोकळ होते. बोटाच्या पेरानं वाजवून बघावं. भरीव पट्टी ‘टक’ वाजते, पोकळ पट्टीचा आवाज ‘डब’ असा येतो. तेव्हा वीट आदल्या दिवशीपासून भिजवावी, एकास चार मसाला पट्टीच्या मागे पूर्ण भरावा आणि निदान आठवडाभर पाणी मारावं. कडक उन्हात ओलं गोणपाट लावून ठेवलेलं बरं.

हे शहाबादी किंवा कोटा फरशीच्या पट्टीचं झालं. व्हिट्रिफाइड टाइलचं गणित वेगळं. ती जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटचा घोळ तिच्यात शिरतच नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच हवं, आणि अ‍ॅडेसिव्हला सपाट भिंत लागते. म्हणजे तिथे तळाच्या पट्ट्यातही आधी गिलाव्याचा एक पातळ थर द्यावा लागतो. कोणती पट्टी लावायची, हे गवंडी यायच्या आधीच ठरलेलं असावं ते यासाठी.

स्कर्टिंग ओल अडवतं, ही समजूत तर घराघरांत आहे. पट्टीचं काम वेगळं आहे. फरशी पुसतानाचं पाणी, झाडूचा मार आणि फरशी-भिंतीचा सांधा एवढं ती सांभाळते. जमिनीतली ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि कधीकधी तीन फुटांपर्यंत पोचते. तिला अडवायचं काम जोत्यावरच्या डीपीसीचं, म्हणजे ओलरोधक थराचं. तो नसेल तर पट्टीमागची ओल तिच्या वर बाहेर पडते, रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. ‘सोलापुरात पाऊस तो किती, इथे कसली ओल?’ हा युक्तिवादही टिकत नाही. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असला, तरी मोरीचं गळणारं पाणी आणि भिंतीलगतची गटार बारमाही असते. भिंत उघडी आहे तोवर विटांवरचे पांढरे डाग सहज दिसतात. ते पाहून आधी गळती काढावी.

गावठाणातल्या दगड-मातीच्या जुन्या वाड्यांत तर सिमेंटची पट्टी जपूनच लावावी. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही. तिला सिमेंटनं बंद केलं की ओल आत कोंडते. तिथे चुन्याचा गिलावा अधिक मानवतो. पूर्वी भिंतीच्या पायथ्याशी काव किंवा गेरूचा पट्टा ओढत, त्यानं सारवणाचे शिंतोडे झाकले जात आणि भिंतीचा श्वासही मोकळा राहत असे.

पट्टी आणि फरशीमध्ये फट पडली की सगळा दोष गवंड्याच्या माथी जातो. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यात फरशीखालचा मुरूम नीट धुम्मस करून दाबलेला नसेल, तर फरशी खचते आणि भिंतीला धरलेली पट्टी जागच्या जागी राहते. अशा वेळी पट्टी बदलून उपयोग नाही, फरशी उचलून भराव दाबावा लागतो.

जुनी पट्टी काढताना थेट छिन्नी-हातोडा चालवू नये. फरशीलगतचा सांधा आधी कटर मशिननं कापून घ्यावा, मग वरच्या बाजूनं छिन्नी घालावी. त्याआधी त्या भिंतीतल्या प्लगची वीज बंद हवी, कारण खालच्या प्लगकडे जाणारा पाइप याच उंचीवर असू शकतो. आणि नवी पट्टी शहाबादी असेल, तर तिच्यावरचे सिमेंटचे डाग अ‍ॅसिडनं धुऊ देऊ नयेत. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. अ‍ॅसिड त्याला खातं, पॉलिश जातं. मसाला ओला असतानाच ओल्या फडक्यानं पुसला की डाग राहतच नाही.