झोप उडाली, दोष मनाचा की मेंदूचा?

बुटीबोरी - नागपूरच्या दक्षिणेकडील वर्धा मार्गावरच्या या औद्योगिक वसाहतीला रात्रपाळी नवी नाही. समजा, येथील एखाद्या कामगाराची सलग रात्रपाळ्यांनंतर झोपच उडाली, तो अखंड बडबडू लागला, पगार उधळू लागला. तर घरच्यांचे लगेच दोन तट पडतात. कोणी म्हणते कामाचा ताण, कोणी म्हणते बाहेरची बाधा. मांत्रिकाच्या उंबरठ्यावर मग महिने निघून जातात.

विकृत वर्तनाचे मूळ शरीरात आहे की मनात, हा वाद शास्त्रज्ञांतही जुना आहे. जीवशास्त्राच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो १९१३ मध्ये. वेड्यांच्या इस्पितळांत खितपत मरणाऱ्या एका प्रकारच्या रुग्णांच्या मेंदूत त्या वर्षी उपदंशाचे जंतू आढळले. ज्याला वेड समजले जात होते, तो संसर्ग निघाला. मात्र, स्किझोफ्रेनियाने हा दावा अपुरा ठरविला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाल्यास दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण फार तर निम्मे भरते. आनुवंशिकताच सर्वस्व असती, तर दोघेही आजारी पडले असते.

उरलेला भाग मानसशास्त्र शोधते. शिकलेली भीती, बालपणीचे आघात, स्वतःविषयीचे चुकीचे ग्रह यांवर त्याचा भर असतो. अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यग्रस्तांचे विचारच तपासून उपचारपद्धती उभी केली.

वरच्या कामगाराच्या बाबतीत दोन्ही बाजू खऱ्या ठरू शकतात. उन्मादाची प्रवृत्ती उपजत असते. ठिणगी मात्र जागरणाची पडते. १९४९ पासून उन्मादावर वापरात आलेले लिथियम गुणकारी आहेच, पण झोपेची वेळ सांभाळली नाही तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. पाळी बदलून मिळणे हाही उपचाराचाच भाग होय, हे कारखान्यांच्या व्यवस्थापनांच्या गळी उतरणे अवघड!

पहिला प्रश्न मात्र शरीराचाच विचारावा लागतो. थायरॉइडचा बिघाड किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही मनोविकाराचे सोंग घेते. नियमित पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यावर दोन-तीन दिवसांत त्याला भास होऊ लागले, थरकाप सुटला, तर ते भूत नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. वेळीच रुग्णालयात न नेल्यास ही अवस्था जिवावर बेतू शकते.

नागपुरातील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी २०२२ मध्ये 'टेलिमानस' ही मोफत सरकारी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे.