दाद मागायची सोय

‘जज्ज!’

दुकानाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून हाक येते, एक हात वर जातो आणि मी चहाचा कागदी पेला आहे तिथंच ठेवून निघते. अंगात काळा शर्ट, खिशात वही-पेन, नाकावर चाळिशी. टेबलाशी दोन खेळाडू बसलेले असतात. एक माझ्या मुलाच्या वयाचा, दुसरा बहुधा माझ्याच वयाचा. दोघांच्या मध्ये रंगीबेरंगी कार्डं मांडलेली. दोघंही माझ्याकडे बघू लागतात आणि पुढची दोन-तीन मिनिटं मी म्हणेन ती पूर्व दिशा! एरवी घरात माझं इतकं कुणी ऐकत नाही.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास, एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला पिझ्झाचं दुकान, यांच्यामध्ये हे कार्डांचं दुकान आहे. मी तिथं अधूनमधून स्पर्धांसाठी पंच म्हणून उभी राहते. मोबदला म्हणाल तर थोडे पैसे आणि पिझ्झाचे दोन तुकडे. मी हे करते हे कळल्यापासून नवऱ्यानं मला ‘रामशास्त्री’ म्हणायला सुरुवात केली आहे. सुरुवातीला मलाही त्याची गंमत वाटायची. नंतर एक प्रसंग असा घडला, की ती पदवी जरा टोचू लागली. तोच प्रसंग आज सांगायचा आहे.

पण त्याआधी मी या वाटेला लागले कशी, ते सांगायला हवं. पत्ते आमच्या घरी निषिद्ध नव्हते, पण त्यांना मे महिन्यापुरताच मान होता. दुपारी सगळी भावंडं माजघरात जमायची, कॅट पिसला जायचा, मेंढीकोट रंगात यायचा. मग कुणीतरी उतारी असून हुकूम मारायचं आणि भांडण जुंपायचं. शेवटचा निवाडा आजीचा. ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, ‘उधळा तो डाव!’ तिच्या निकालावर दाद नव्हती. खरं कोण, खोटं कोण, याच्याशी तिला कर्तव्य नसे. तिला झोप हवी असे.

मुलगा सातवीत असताना या कार्डांच्या नादी लागला. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याला दुकानात सोडायचं आणि रात्री आणायला जायचं. पहिले काही महिने मी गाडीत बसून होते. मग थंडी पडली म्हणून आत जाऊन बसले. मग नुसतं बसवेना म्हणून बघू लागले. बघता बघता कळू लागलं आणि कळू लागल्यावर चुका दिसू लागल्या. मुलगा पुढे कॉलेजला गेला, मी मात्र दुकानातच राहिले. २०२२ साली परीक्षा दिली आणि पंच झाले.

हा खेळ ‘मॅजिक: द गॅदरिंग’. तुमच्या नातवंडांच्या दप्तरात पोकेमॉनची कार्डं सापडत असतील, तर त्या घराण्यातला हा थोरला भाऊ समजा. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञानं तो रचला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या सिएटलजवळच्या कंपनीनं १९९३ साली बाजारात आणला. आपल्या पत्त्यांत बावन्न पानं ठरलेली. इथं आजवर पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. त्यांतून निदान साठ कार्डांची गड्डी प्रत्येकानं आपली आपण बांधून आणायची. साधी ‘जमिनी’ची कार्डं सोडली, तर एकच कार्ड चारांपेक्षा जास्त वेळा घालता येत नाही. प्रत्येकाच्या हातात सुरुवातीला सात कार्डं आणि खात्यावर वीस ‘प्राण’. कार्डांवरचे शिलेदार, राक्षस, मंत्र एकमेकांवर सोडून समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे. कार्डं विकली जातात, बदलली जातात, जपली जातात. १९९३ सालचं ‘ब्लॅक लोटस’ नावाचं एक कार्ड २०२१ मध्ये लिलावात पाच लाख डॉलर्सहून अधिक किमतीला गेलं. हे ऐकून नवरा दोन दिवस मुलाच्या जुन्या खोक्यांत शोधत होता. सापडलं नाही.

प्रत्येक कार्डावर त्याचा स्वतंत्र नियम छापलेला असतो आणि दोन कार्डांचे नियम एकमेकांत गुंतले, की पंचाला हाक येते. मूळ नियमांचा ग्रंथच दोनशेहून अधिक पानांचा आहे. स्पर्धा चालते ‘स्विस’ पद्धतीनं. ही पद्धत १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरली गेली. हरलेला बाहेर जात नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक. तीन डावांचा सामना आणि फेरीला पन्नास मिनिटं.

पंचाचं निम्मं काम घड्याळ बघणं आणि गड्ड्या तपासणं हेच असतं. दिलेल्या यादीप्रमाणेच कार्डं आहेत ना, एखाद्या कार्डाचं प्लॅस्टिकचं वेष्टन दुमडून खूण झालेली नाही ना, हे बघायचं. उरलेलं काम चुका निस्तरण्याचं. समजा, कुणी एक कार्ड जास्त उचललं आणि ते हातातल्या कार्डांत मिसळून गेलं. आता जास्तीचं कुठलं, हे कुणाला कळणार? एकेकाळी एवढ्यासाठी थेट डाव जायचा. आता ताकीद मिळते, हातातली कार्डं समोरच्याला दाखवावी लागतात आणि त्यांतलं कुठलं परत गड्डीत पिसायचं, ते तो समोरचा निवडतो. म्हणजे चुकणाऱ्याचा फायदा होऊ द्यायचा नाही आणि त्याला चिरडायचंही नाही. आजीला हा तोडगा सुचला असता, तर आमचे किती डाव वाचले असते!

लबाडीची व्याख्याही नीट केलेली आहे. नियम मोडला एवढ्यानं माणूस लबाड ठरत नाही. त्यातून फायदा उपटायचा त्याचा प्रयत्न हवा आणि आपण करतोय ते नियमाबाहेर आहे, हे त्याला ठाऊक हवं. तिन्ही गोष्टी जुळल्या, तर तो स्पर्धेतून बाद. हा निवाडा करताना पुस्तकापेक्षा माणसाच्या डोळ्यांत जास्त बघावं लागतं.

हे सगळं मी मन लावून शिकले होते. पंचानं खेळाडूंच्या चुकांचं काय करायचं, याचे सगळे कागद मला जवळजवळ पाठ होते. पंचाच्या चुकीचं काय, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता.

२०२३ च्या नोव्हेंबरातला एक शनिवार. वरच्या विभागीय स्पर्धेसाठीची पात्रता फेरी आमच्या दुकानात होती. बत्तीस खेळाडू, पाच फेऱ्या आणि त्यानंतर पहिल्या आठांचे बाद पद्धतीचे सामने. मुख्य पंच होती एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, नियमांत माझ्यापेक्षा कितीतरी पक्की. मी तिच्या हाताखाली. नियम असा, की टेबलाशी मी दिलेला निकाल मान्य नसेल, तर खेळाडूनं मुख्य पंचाकडे दाद मागावी. तिचा निकाल अंतिम.

पाचव्या फेरीत एक हात वर झाला. तो होता आमच्या मराठी मंडळातला एक सोळा वर्षांचा मुलगा. आदल्या वर्षी गणपतीत मी बसवलेल्या बालनाट्यात तो मावळा झाला होता. मराठी बोलायला लाजतो, पण मला मात्र आवर्जून ‘काकू’ म्हणतो. तिसरा, निर्णायक डाव चालू होता आणि हा सामना जिंकला असता तर तो पहिल्या आठांत नक्की बसणार होता. त्याच्या बाजूला एकच शिलेदार उरला होता, पण त्याला लाल रंगापासून कवच होतं. समोरच्या खेळाडूनं सगळ्या शिलेदारांना इजा करणारं एक लाल कार्ड टाकलं होतं. आगीचा पाऊसच म्हणा. तो म्हणत होता, हे कार्ड कुणा एकावर नेम धरत नाही, म्हणून कवच चालणार नाही. तोही प्रामाणिकपणेच म्हणत होता. मुलगा हळूच म्हणाला, ‘मला वाटतं, माझा वाचतो. काकू?’

सकाळी नऊपासून मी उभी होते. पाय बोलत होते. फेरीची आठ मिनिटं उरली होती. मी कार्डाकडे नुसती नजर टाकली आणि ठणकावून सांगितलं, ‘नेम धरलेला नाही, म्हणजे कवच नाही. शिलेदार गेला.’ मुलानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कार्ड बाजूला ठेवलं. दोन खेळ्यांनंतर तो हरला. अंतिम यादीत त्याचा नंबर नववा आला.

रात्री घरी आल्यावर वरण-भात गरम करताना काहीतरी खटकत राहिलं. नियम उघडला. कवचाचा नियम असा आहे, की त्या रंगाच्या मंत्राला त्या शिलेदारावर नेम धरता येत नाही, आणि त्या रंगाकडून होणारी इजाही टळते, नेम धरलेला असो वा नसो. कार्डावर ‘नष्ट करा’ असं लिहिलं असतं, तर माझा निकाल बरोबर होता. तिथं ‘इजा’ असं स्वच्छ छापलेलं होतं. मी अर्धा नियम आठवला आणि कार्ड वाचलंच नाही.

मुख्य पंचाला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. डाव चालू असताना लगेच लक्षात आलं असतं, तर कदाचित मागं जाता आलं असतं. आता सामना नोंदवला गेला होता, पुढच्या फेऱ्या होऊन स्पर्धाही संपली होती. निकाल बदलणार नव्हता. ती एवढंच म्हणाली, ‘त्याला सांगा. आणि पुढच्या वेळी कार्ड वाचा.’ माझ्या निम्म्या वयाच्या मुलीकडून हे ऐकताना वाईट वाटलं नाही, हे मला नंतर जाणवलं.

पुढच्या शुक्रवारी दुकानात गेले. तो नेहमीच्या टेबलाशी गड्डी पिसत बसला होता. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं: निकाल चुकला, त्यामुळं तुझी पहिल्या आठांतली जागा गेली, मला माफ कर.

तो म्हणाला, ‘मला माहीत होतं, काकू.’

‘माहीत होतं? मग बोलला का नाहीस? मुख्य पंच दहा पावलांवर होती. दाद मागायची होतीस!’

तो कार्डांकडे बघत पुटपुटला, ‘तुम्ही इतकं शुअर सांगितलंत. आणि सगळ्यांसमोर तुम्हाला रॉंग कसं म्हणणार?’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कारण नाटकाच्या तालमीत, संवादावरून तो जरा हुज्जत घालू लागला तेव्हा, मीच त्याला सुनावलं होतं, ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही.’ त्याच्या आईनंही तेव्हा कौतुकानं मान डोलावली होती. आम्ही साता समुद्रापलीकडे येऊन मुलांना जे संस्कार लावले, त्यातला एक त्यानं मनापासून पाळला आणि त्याची किंमत मोजली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, तर बेधडक हात वर केला असता. त्यात मला उद्धटपणा वाटला नसता, कारण तो मला ‘काकू’ म्हणाला नसता.

आपण मुलांना शिकवतो ते चूक आहे, असं मी म्हणत नाही. पण उलट बोलणं आणि दाद मागणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं तरी आपण त्यांना सांगतो का? उलट बोलण्यात समोरच्याचा मान जातो. दाद मागण्यात तो उरतो, कारण दाद मागणारा खेळाचे नियम मानत असतो. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बादच देत नाहीत. विचारणं हा तिथं खेळाचाच भाग आहे. न्याय नुसता पंचाच्या हुशारीवर सोडला, तर पंचाचे पाय दुखू लागले की तो लंगडायला लागतो. पंच माणूस आहे, हे ज्यांनी नियम लिहिले त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी दाद मागायची सोय ठेवली. मात्र ती सोय पुस्तकात असून भागत नाही. ती वापरता येते, हे वरच्या माणसानं खालच्याला सांगावं लागतं.

तेव्हापासून मी दोन सवयी लावून घेतल्या आहेत. एक, खेळाडूनं काहीही सांगितलं, तरी कार्ड हातात घेऊन शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. दुसरी, निकाल दिला की लगेच म्हणते, ‘हा माझा निकाल. पटला नसेल, तर मुख्य पंचांना विचारता येईल, मला अजिबात राग येणार नाही.’ समोर आपल्याकडचं मूल असेल, तर हेच मराठीत किंवा हिंदीत पुन्हा सांगते आणि एक पाऊल मागं सरकते. ते एक पाऊल महत्त्वाचं आहे. मोठं माणूस अंगावर उभं असलं, की मुलांचा हात वर जात नाही.

गेल्या वर्षीच्या एका स्पर्धेत पुन्हा त्याच मुलाच्या टेबलाशी जायची वेळ आली. त्यानं चुकून एक कार्ड जास्त उचललं होतं. तो म्हणत होता, ते अजून हातातल्या कार्डांना लागलं नव्हतं, तेव्हा तेवढंच परत गड्डीत पिसावं. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की कार्ड हातात मिसळलं आहे. हात दाखवावा लागेल आणि समोरचा निवडेल. नेहमीचं वाक्य म्हटलं. एक पाऊल मागं सरकले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. मग हात वर केला आणि म्हणाला, ‘काकू, मला अपील करायचंय.’

मुख्य पंच आली. तिनं त्याला विचारलं, समोरच्याला विचारलं, मला विचारलं आणि माझा निकाल कायम ठेवला. नेमकं त्याचं हुकमी कार्ड गेलं आणि डावही गेला. सामना संपल्यावर त्यानं प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला, मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘या वेळी तुम्ही राइट होतात.’

‘तूही,’ मी म्हटलं.

त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. तेवढ्यात पलीकडून हाक आली, ‘जज्ज!’ आणि मी चहा तसाच टाकून निघाले.