ठिसूळ नखें आणि त्यांची निगा

'नखशिखांत' हा शब्द आपण बोलण्यांत सहज वापरतों. परंतु शिखेला जें तेल मिळतें तें नखांच्या वांट्याला क्वचितच येतें. केस गळूं लागले कीं घरांत चिंता सुरू होते. नख तुटलें तर तें कापून टाकावें आणि कामाला लागावें, असाच बहुतेक घरांचा परिपाठ. आमच्या घरींही तोच होता, आणि त्याबद्दल आम्हांस पुढें खेद करावा लागला.

आमची धाकटी सूनबाई शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वीं तिच्या बोटांचीं नखें टोंकाशीं पापुद्र्यासारखीं सुटूं लागलीं. पदराला नख अडकलें, कणीक मळतांना तुटलें, अशा तक्रारी कानांवर येत. पण त्या कोणीं मनावर घेतल्या नाहींत. आम्हीं मात्र आपली विद्वत्ता पाजळली. आयुर्वेदांत नखें हा अस्थिधातूचा मल मानिला आहे. तेव्हां नखें तुटतात त्या अर्थीं हाडांना चुना कमी पडत असला पाहिजे, असा तर्क करून आम्हीं दुकानांतून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. 'मामंजी सांगतात' म्हणून तिनें त्या तीन महिने मुकाट्यानें घेतल्या. नखांत तिळमात्र फरक पडला नाहीं.

तर्क चुकला होता. नख म्हणजे हाड नव्हे. तें केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचें बनतें. आपले केस, बैलाचें शिंग व घोड्याचा खूर यांचेंही द्रव्य तेंच. कॅल्शियमचा अंश त्यांत वजनाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो. नखाला टणकपणा येतो तो प्रथिनाच्या तंतूंना परस्परांशीं जखडणाऱ्या गंधकाच्या बंधांमुळें. नख जाळलें असतां जो उग्र दर्प सुटतो त्यालाही हें गंधकच कारण. नखाचा जिवंत भाग मुळाशीं, कातडीखालीं असतो. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशीं जी पांढरी चंद्रकोर दिसते ती त्याचीच पुढची कड. बाहेर जें दिसतें तें सारें निर्जीव, थरावर थर बसलेलें. म्हणून फाटलेलें नख जखमेसारखें भरून येत नाहीं. मागून नवें वाढून येईल तेव्हांच खरें.

येथें व्याकरणाची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पाणिनीनें एका सूत्रांत 'नख' हा शब्द नकुल, नपुंसक, नक्षत्र यांच्या पंक्तीला बसविला आहे, आणि टीकाकार त्याची फोड 'ज्याला ख म्हणजे छिद्र नाहीं तें' अशी करतात. वर्गांत ही व्युत्पत्ति आम्ही मोठ्या आवडीनें सांगत असूं. वस्तुस्थिति मात्र उलट निघाली. नख कातडीपेक्षांही पुष्कळ अधिक वेगानें पाणी शोषून घेतें, आणि तितक्याच लवकर तें सोडून देतें. ओलें झालें कीं फुगतें, वाळलें कीं आकसतें. असें दिवसांतून वीस-पंचवीस वेळां घडलें म्हणजे थरांमधील सांधे ढिले होतात व टोंकाशीं पापुद्रे सुटतात. भांडीं, धुणें, भाज्या, फरशी, मुलांचीं तोंडें, सारें ज्या हातांनीं होतें त्यांचींच नखें ठिसूळ कां, याचें उत्तर यांत आहे. त्यांत साबणाची भर पडली म्हणजे जो थोडा तेलाचा अंश असतो तोही निघून जातो. दर पांच माणसांत सुमारें एकाची ही तक्रार असते, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांची अधिक. म्हातारपणीं तर सर्वांचींच नखें कोरडीं पडतात.

तेव्हां पहिला उपाय खाण्याचा नव्हे, तर हात कोरडे ठेवण्याचा. भांडीं घासतांना रबरी हातमोजे घालावे. आंत घाम सांठतो म्हणून त्याखालीं सुती मोजे असावे. आमच्या घरीं प्रथम मोज्यांची थट्टा झाली, हें कबूल केलें पाहिजे. शस्त्रक्रियेला निघालां काय, असें आमच्याच कुटुंबानें विचारलें! पण महिन्याभरानें त्याही ते घालूं लागल्या. दुसरा उपाय तेलाचा. रात्रीं निजण्यापूर्वीं बोटें दहा-पंधरा मिनिटें कोमट पाण्यांत बुडवावीं, हलक्या हातानें टिपावीं, आणि ओल आहे तोंच खोबरेल, तिळेल अथवा साजूक तूप नखांवर व त्यांच्या मुळांशीं चोळावें. तेलामुळें नख पोसतें असें नाहीं. आंत गेलेलें पाणी तें एकदम उडूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम, आणि तें पुरेसें आहे. दिवसां हात धुतल्यावरही तेलाचें एक बोट फिरवावें.

नखें आंखूड ठेवावीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पक्षांतून तीन वेळां नखें काढण्यास सांगितलें आहे, म्हणजे दर पांच दिवसांनीं. ठिसूळ नखांना हें माप अगदीं योग्य. स्नानानंतर तीं मऊ असतात, तेव्हां कापावीं म्हणजे तडकत नाहींत. कड मग बारीक कानशीनें एकाच दिशेनें घासावी. मुळाशीं कातडीची जी बारीक किनार असते ती मागें रेटूं नये व कापूंही नये, कारण तीच मुळाचें दार बंद ठेवते. लिंबू किंवा लसूण घासण्याचे उपाय आम्हांस अनेकांनीं सुचविले; लिंबानें नख अधिकच कोरडें होतें व लसणीनें कातडी भाजते. नखांचा रंग पुसण्याचें ॲसिटोन शक्य तितकें कमी वापरावें. नख टणक करणारीं म्हणून जीं फॉर्मॅल्डिहाइडचीं द्रव्यें मिळतात त्यांनीं तें प्रथम कडक होतें खरें, पण पुढें कांचेसारखें फुटतें.

इतकें सर्व सूनबाईनें दोन महिने केलें. पापुद्रे कमी झाले, पण नखें कांहीं सुधारलीं नाहींत. याच सुमारास आमच्या गुडघ्यासाठीं ती आम्हांस डॉक्टरांकडे घेऊन गेली. कागद पुढें करतांना डॉक्टरांची दृष्टि तिच्या बोटांवर गेली. आमचा गुडघा बाजूला राहिला. त्यांनीं तिला पायांचीं नखें दाखवावयास सांगितलें. पाण्या-साबणानें झालेला बिघाड हातांच्याच नखांत दिसतो. पायांचींही नखें तशींच असतील तर कारण शरीराच्या आंत शोधावें, असें ते म्हणाले. पायांचीं नखेंही तशींच होतीं. शिवाय दोन बोटांचीं नखें मध्यें खोलगट, चमच्यासारखीं झालीं होतीं. त्यांवर पाण्याचा थेंब ठेवला असता तर राहिला असता. एकाच घरांत राहून आम्हीं तें पाहिलें नव्हतें.

रक्त तपासलें. स्त्रियांत हिमोग्लोबिन १२ च्या खालीं गेलें कीं पंडुरोग समजतात. तिचें ८ निघालें. दम लागणें, जिना चढतांना थांबणें, हें सारें ती कामाचा शीण म्हणून सोशीत होती. मासिक त्रास अधिक होता, तो तिनें कोणाला सांगितला नव्हता. पोटांत जात होतें तेंही बेताचेंच. शाळेची घाई, आठवड्यांतून दोन उपवास, त्यांना साबूदाणा, आणि जेवणाबरोबर चहा, जो अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. घरांतील पुरुष व मुलें उठल्यावर बायकांनीं उरलेसुरलें वाढून घ्यावें, ही आमच्या घराची रीत आम्हीं कधीं मोडली नव्हती. भारत सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. हा आंकडा आम्हीं पूर्वीं वाचला होता. तो आपल्या स्वयंपाकघरांतला आहे असें मात्र वाटलें नव्हतें.

डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या, त्रासावर स्वतंत्र उपचार केले. घरीं अळिवाची खीर, पालेभाज्या, डाळी व त्यांवर लिंबू सुरू झालें. चहा जेवणापासून दोन तास दूर गेला. आतां आम्ही सर्व एकदमच जेवावयास बसतों. ताटें एकमेकांना वाढावीं लागतात व आमटी कधीं निवते, पण चालतें.

बाजारांतील बायोटिनच्या गोळ्यांविषयीं पुष्कळजण विचारतात. घोड्यांचे खूर तिनें सुधारतात असें पशुवैद्यांस आढळलें, त्यावरून स्वित्झर्लंडांत माणसांवर प्रयोग झाले. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत रोज २.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या नखांची जाडी २५ टक्क्यांनीं वाढली. पण पाहिलेलीं माणसें थोडीं होतीं. शिवाय या गोळीमुळें रक्ताच्या कांहीं तपासण्या चुकतात, थायरॉइडची व हृदयविकाराचीही, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१७ सालीं दिला आहे. घेतच असाल तर रक्त देण्यापूर्वीं डॉक्टरांस अवश्य सांगावें. कॅप्सूलचें वेष्टण पुष्कळदां जेलॅटिनचें, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचें असतें, हेंही शाकाहारी घरांनीं वाचून पाहावें. आणि एकाच नखांत काळी रेघ उमटली, नख जाड व पिवळें झालें, किंवा मूळ सुजलें, तर तेलांत दिवस न घालवितां डॉक्टरांकडे जावें.

राहिला धीराचा प्रश्न. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. सबंध नवें येण्यास सहा महिने लागतात, पायाचें तर वर्ष-दीड वर्ष. विल्यम बीन नांवाच्या एका अमेरिकन डॉक्टरानें १९४१ पासून पस्तीस वर्षें, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशीं कानशीनें रेघ ओढून ती टोंकाला केव्हां पोंचते याची नोंद ठेविली. बत्तिसाव्या वर्षीं तें नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढे, सदुसष्टाव्या वर्षीं ०.०९५. हें वाचून आमच्या नातवानें आमच्या व आपल्या आईच्या अंगठ्यावर तशाच रेघा ओढल्या व कंपासपेटींतील पट्टीनें मोजमाप सुरू केलें. सूनबाईच्या नखावरील ती रेघ सातव्या महिन्यांत कापली गेली. मागून आलेलें नख सपाट व गुळगुळीत आहे. आमची रेघ अजून टोंकाला पोंचावयाची आहे. वहींत आमच्या नांवापुढें नातवानें 'सावकाश' असा शेरा मारला आहे.