चिल्लर जरूर चाळा, पण लाखांच्या भुलीला टाळा

खरिपाच्या तोंडावर मातीचे नमुने गोळा करायला एका गावात गेलो होतो. बांधावर एक गृहस्थ भेटले. त्यांनी खिशातून घडी केलेली पाच रुपयांची नोट काढली. ट्रॅक्टरचे चित्र असलेली. म्हणाले, "साहेब, मोबाईलवर व्हिडिओ आलाय. ह्या नोटेचे दोन लाख मिळत्यात. फक्त नोंदणीचे दोन हजार आधी भरायचे." ते दोन हजार त्यांनी सोयाबीनच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवले होते आणि पेरणी आठ दिवसांवर आली होती!

मी म्हटलं, "दादा, ज्याला दोन लाख द्यायचेत तो त्यातूनच दोन हजार कापून घेईल की! तुमच्याकडं आधी कशाला मागेल?" गडी विचारात पडला. पैसे भरले नाहीत. बियाणे वाचले.

अशी फसवणूक गावोगाव चालते. म्हणूनच ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही. त्यासाठी ती शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने ते घेण्याचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही.

मग चिल्लर चाळायचीच नाही का? जरूर चाळा. छंद चांगला आहे आणि त्याला भांडवल लागत नाही. फक्त काय पाहायचे ते माहीत हवे.

नाण्यावर काय पाहावे?

आधी साल पाहा, मग सालाच्या खाली बारीक खूण आहे का ते पाहा. चौकट चिन्हासारखी खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, नुसता ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे. 1985 साली काही रुपये परदेशातही पाडून घेतले होते. त्या सालाच्या रुपयावर इंग्रजी 'एच' अक्षर दिसले तर ते नाणे इंग्लंडमधले समजा.

'नया पैसा' लिहिलेली नाणी 1957 पासूनची. 1964 मध्ये 'नया' हा शब्द गेला. चार आणे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली. ती बाजारात चालणार नाहीत, पण संग्रहात चालतील. आठ आणे, म्हणजे 50 पैसे, मात्र कायद्याने आजही चलनात आहेत.

आपल्या शेतीची नाणी

कृषी खात्यातल्या माणसाला ही नाणी फार जवळची वाटतात. 1973 च्या 50 पैशांवर अधिक अन्न पिकवण्याचा संदेश आहे. 1980 ची 10 आणि 25 पैशांची नाणी ग्रामीण महिलांच्या प्रगतीसाठी काढली. 1987 चा एक रुपया छोट्या शेतकऱ्याच्या नावाचा, तर 1988 चा कोरडवाहू शेतीचा. 1994 च्या दोन रुपयांच्या एका नाण्याचा विषय पाणी आहे. लाख सोडा, यांतल्या साध्या वापरलेल्या नाण्याला हजारसुद्धा कोणी देणार नाही. पण शाळेतल्या पोरांना दाखवायला याहून चांगला धडा नाही.

आजीच्या पेटीतला रुपया

व्हिक्टोरिया राणीचा बंदा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा. त्यात शेकडा 91.66 भाग चांदी. राजाच्या छापाच्या रुपयात 1939 पर्यंत हेच प्रमाण राहिले. पुढे 1945 पर्यंतच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा! तपासणी सोपी आहे. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक लावून बघा. निकेलचा रुपया चिकटेल, चांदीचा चिकटणार नाही. पण खोटे नाणेही चिकटत नाही, तेव्हा वजन करूनच घ्या. मोडीत घालण्याआधी साल आणि छाप एखाद्या जाणकाराला दाखवा. मोडीत फक्त चांदीचा भाव मिळतो.

आणि एक सांगतो, नाणे चिंच, लिंबू, राख लावून घासू नका. चकाकते, पण झिजते आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, त्यावर साल लिहा.

नांगराला लागले तर?

आपल्या भागात शेतात शिवराई निघते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे. शेतात नाण्यांचे गाडगे सापडले तर गुपचूप विकू नका. 1878 च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर आपला हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवले, आणि ऐवज बेवारस ठरला, तर साधारणपणे सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारने तो ठेवून घेतला तर मालाची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देते. तलाठी आणि पोलीस पाटलांनी ही माहिती ग्रामसभेत जरूर सांगावी.

तेव्हा मंडळी, दुकानाचा गल्ला, देवघरातली वाटी, म्हातारीचा बटवा, सगळे निवांत चाळा. पण कोणी आधी पैसे मागितले, ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. फसलाच असाल तर लाजू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा. नाहीतर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला अशी गत व्हायची, आणि तो मसाला तुमच्या बियाण्याच्या पैशांतून जायचा.